गवताला हात

सेमीफायनलचं शूटिंग मी केलं, आणि त्या अख्ख्या शूटिंगमध्ये वासुदेव निकम नावाचा माणूस कुठेच नव्हता.

तसा तो मैदानावर होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता. पण मी पडलो चाळीसगावचा. टीव्हीवर क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाच्या हाती कॅमेरा दिला की तो दुसरं काय करणार? चेंडूच्या मागे जाणार. चेंडू कुणाच्या काखेत गेला की मी काखेत, चेंडू हवेत गेला की मी हवेत. संध्याकाळचे ढग फार सुरेख आले होते, असं नंतर दोघा-तिघांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं.

सामन्यानंतर क्लबच्या खोलीत सगळा संघ भिंतीवर ते शूटिंग बघत बसला होता. आमचा क्लब म्हणजे जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या पलीकडच्या एका गावातला हौशी अमेरिकन फुटबॉल संघ, नाव ‘स्टॉर्क्स’. बाकीच्या संघांनी लांडगे, गरुड, रानडुक्कर असली नावं घेतलेली, आणि आमच्या वाट्याला करकोचा. कोच योखेन हा पोटापाण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. त्यामुळे मैदानावरही तो समोर लायसन्सची परीक्षा द्यायला आलेली पोरं उभी आहेत अशाच थाटात बोलतो.

“वो इस्ट वासू?” त्यानं विचारलं. वासू कुठाय?

सगळे हसले. मीही हसलो. दुसरा इलाज नव्हता.

इथे थोडं सांगायला हवं. वासुदेव आमचा सेफ्टी. सेफ्टी म्हणजे बचावातला सगळ्यात मागे उभा राहणारा माणूस. पुढचे दहाजण चुकले तर तो असतो, तो चुकला तर मागे नुसतं गवत. खेळ काही सेकंदांच्या तुकड्यांत चालतो. एकेका तुकड्याला प्ले म्हणायचं. सामना झाला की प्रत्येक खेळाडूला प्रत्येक प्लेचा मार्क मिळतो: काम चोख केलं तर प्लस, चुकलं तर मायनस, त्याच्याकडे काही आलंच नाही तर शून्य. सेफ्टीचे मार्क द्यायचे म्हणजे चेंडू विसरून फक्त त्याचं पहिलं पाऊल बघायचं. हे काम योखेननं मला दिलं होतं, कारण मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या चुका काढण्याचा मला पगारच मिळतो.

आणि मी त्या माणसालाच चौकटीबाहेर ठेवला होता.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक लांब पास उजवीकडे गेला होता. भिंतीवर चेंडू दिसत होता, तो झेलणारा दिसत होता, आणि तेवढ्यात चौकटीबाहेरून आवाज आला. ठक्क. नारळ पायरीवर आपटावा तसा.

योखेननं शूटिंग थांबवलं.

“हे काय होतं?” योखेननं विचारलं.

“काही नाही,” वासुदेव मागच्या बाकावरून म्हणाला. “खांदा.”

योखेनचा एक नियम फार कडक आहे. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय परत आत नाही. त्यानं भिंतीकडे बघितलं. भिंतीवर माझे ढग होते. त्यानं मान हलवली आणि पुढचा प्ले लावला.

बाहेर गाडीपाशी वासुदेवनं माझ्या मानेवर हात ठेवला. त्याचा हात ठेवणं म्हणजे पकडच असते.

“सेमीचे मार्क बुडवलेस लेका माझे. आता फायनलच्या एकेका प्लेचा मार्क पाहिजे. कागदावर नको. तुझ्या तोंडून.”

“देतो दादा.”

“एक पण सोडायचा नाही.”

“गेनाऊ,” मी म्हणालो. म्हणजे ‘अगदी बरोबर’. इथे राहून राहून असलं तोंडात बसतं.

वासुदेव सांगलीकडचा, आष्ट्याचा. कॉलेजात कबड्डी खेळायचा, डावा कव्हर. मेकॅनिकल झाला आणि इथे एका कंपनीत गिअरबॉक्स तपासायला लागला. तपासायला म्हणजे काय, तर गिअरबॉक्स तुटेपर्यंत फिरवायचा आणि कुठे तुटला ते बघायचं. “तुटायच्या आधी आवाज बदलतो,” तो सांगायचा. “मशीनला नंतर कळतं, मला आधी.” हे तो मीनलवहिनींच्या मिक्सरबद्दलही सांगायचा. मिक्सर अजून ठणठणीत आहे.

जर्मनीत कबड्डी शोधायला म्हणून तो पहिल्या वर्षी गावच्या श्पोर्टप्लाट्झवर, म्हणजे खेळाच्या मैदानावर गेला. तिथे हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर धावून जात होती. त्यांतला एक सुटून याच्या बाजूला आला आणि यानं, सवयीनं, त्याचा घोटा धरला. हेल्मेट नाही, ओळख नाही, देख नाही. तो गडी पोत्यासारखा खाली. योखेननं त्याच दिवशी याला क्लबचा सभासद करून घेतलं. जर्मनीत माझं बँकेचं खातं उघडायला त्याहून जास्त वेळ लागला होता.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना वाटायचं की हा कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. “मग तुम्ही फायर ड्रिल वगैरे घेता का?” एका काकांनी त्याला विचारलं होतं. “घेतो की,” वासुदेव म्हणाला, “दर शनिवारी लोकांना पाडतो.”

त्याची एक सवय सगळ्या स्टॉर्क्सना पाठ होती. मैदानात शिरताना तो वाकून गवताला हात लावायचा आणि तो हात कपाळाला. कबड्डीत आपल्याकडे सगळेच लावतात. सुरुवातीला योखेनला वाटलं, हा गवत ओलं आहे का ते बघतोय. मी समजावून सांगितलं, की मातीला नमस्कार आहे, एकदा आत शिरताना करायचा आणि मग खेळायचं. जर्मनांना हे फार आवडलं. त्यांनी त्याचा स्टिकर छापला.

फायनलचं मात्र त्याच्या मनात खोल काही होतं. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या फायनलच्या दिवशीच त्याचा पुण्यात नोकरीचा इंटरव्ह्यू आला. तो इंटरव्ह्यूला गेला. नोकरी मिळाली. फायनल गेली, आणि शेवटची चढाई डाव्या कव्हरच्या जागेतूनच सुटली. “माझ्या जागेतनं माणूस गेला,” एवढंच तो सांगायचा, आणि मग विषय बदलायचा. वय आता अडतिसाला टेकलेलं. स्टॉर्क्स यापूर्वी कधी फायनलला आले नव्हते, आणि पुढे येतील असं करकोच्यांनाही वाटत नव्हतं.

सेमी आणि फायनलच्या मधल्या दिवसांत मी त्याच्याकडे जेवायला गेलो. दिवसाउजेडी पडदे ओढलेले. वासुदेव घरात टोपी घालून बसला होता.

“दादा, टक्कल पडलं का?”

“लाइट लागतो डोळ्याला,” तो म्हणाला.

त्यानं मला चहा ओतला. किटली नेमकी धरली होती, हात थरथरत नव्हता, पण चहा कपाच्या डाव्या अंगाला टेबलावर पडत राहिला आणि तो शांतपणे ओतत राहिला. इरा, त्याची मुलगी, समोर गृहपाठ करत होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते.

“पापा गीस्ट इमर डानेबेन,” ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. बाबा नेहमी बाहेरच ओततो.

“म्हातारपण आलं दादाला,” मी म्हणालो आणि फडकं आणलं. सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. “रुपेश, तू त्याला विचार ना जरा. मला नुसतं ‘झोप झाली नाही’ सांगतो. काल स्टेशनवर डावीकडून माणूस आला तर आपटलाच त्याच्यावर. त्याला दिसलाच नाही.”

“विचारतो वहिनी.”

मी विचारलंही. माझ्या पद्धतीनं. “दादा, डावीकडचा कॅमेरा बंद पडलाय का?” असं काहीतरी. तो म्हणाला, “तू कॅमेरा नीट धर.” झालं. थट्टा करायची सवय लागली की माणसाला साधा प्रश्न विचारता येत नाही, आणि समोरच्यालाही साधं उत्तर द्यावं लागत नाही. आमचं दोघांचं त्यावर बरं चाललं होतं.

फायनलच्या दिवशी ऱ्हाईनच्या मैदानी भागात धुकं होतं. दुपार झाली तरी उठेना. समोरचा संघ लाल जर्सीतला, नेकरच्या खोऱ्यातला. त्यांच्यात एक उंच पोरगा होता, धावायला लागला की बाकीचे उभे आहेत असं वाटायचं. रुग्णवाहिका फाटकापाशी उभी होती आणि आतला झानिटेटर, म्हणजे प्रथमोपचारवाला, पाय बाहेर सोडून ब्रेट्झेल खात होता.

मला लोखंडी मचाणावर चढवलं. योखेननं खालून बोट दाखवलं. “चेंडू नाही. वासू! आणि काही झालं तरी कॅमेरा सोडायचा नाही.”

“या, या,” मी म्हणालो. हे जर्मन ‘या’, म्हणजे ‘हो’. वर कुणाला बोलावत नव्हतो.

यावेळी मी चौकट रुंद ठेवली. सगळ्यात मागे, धुक्याच्या कडेला, वासुदेव. त्यानं वाकून गवताला हात लावला, कपाळाला लावला. स्टॉर्क्सच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला प्ले झाला. चेंडू पलीकडे गेला. शून्य.

दुसऱ्या प्लेआधी त्यानं पुन्हा गवताला हात लावला.

मला वाटलं, फायनल आहे. तिसऱ्या प्लेआधी पुन्हा. यावेळी हात कपाळापर्यंत गेला नाही. खालीच राहिला, बोटं पसरलेली, आणि तो हळूहळू उभा राहिला. बोटीत उभं राहावं तसा.

प्रेक्षकांना तोवर नाद लागला होता. तो वाकला की पांढऱ्या-काळ्या जर्सीतले सगळे वाकायचे, समोरच्या पायरीला हात लावायचे आणि “वासूऽऽ” करायचे. पोरंटोरं, आज्या, योखेनची बायको. माझ्या डोळ्यासमोर अख्खा स्टँड वाकत होता आणि उठत होता, आणि त्या एवढ्या माणसांत ही गोष्ट एकदाच करायची असते हे फक्त माझ्या आणि वहिनींच्या लक्षात होतं. वहिनी वाकल्या नव्हत्या. वर, मचाणाकडे बघत होत्या.

त्याचे मार्क मी मनात देत होतो. पास उजवीकडे आला, पहिलं पाऊल बरोबर, गडी पाडला: प्लस. पास डावीकडे, पाऊल उशिरा: मायनस. पुन्हा डावीकडे, पाऊल उलट्या बाजूला: मायनस. “शुल्टरब्लिक, वासू!” योखेन खालून ओरडत होता. गाडी वळवताना खांद्यावरून मागे बघ, असं तो शिकाऊ ड्रायव्हरांना सांगतो, तेच. सेफ्टी चांगला खेळत असला की तो दिसत नाही, असंही योखेनच म्हणायचा. दिसायला लागला की समजायचं काहीतरी बिघडलंय. त्या दिवशी माझ्या चौकटीत दुसरं काही दिसतच नव्हतं.

मध्यंतरात मी उतरून त्याच्यापाशी गेलो. तो एकटाच बाकाच्या टोकाला बसला होता, डोक्यावर टॉवेल.

“दादा, हे काय चाललंय? प्रत्येक वेळी हात?”

“फायनल हाय.”

“आष्ट्याला प्रत्येक चढाईआधी लावायचास?”

त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं असं मी म्हणणार होतो, पण तो माझ्या डाव्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होता.

“मी योखेनला सांगतो,” मी म्हणालो.

“काय सांगशील?”

“सेमीत तुला लागलं होतं.”

“दाखव की मग शूटिंग.” तो हसला. “त्यात मी हाय कुठं? तू दाखवलं नाहीस म्हणून तर आज खेळतोय मी. उपकार हायत तुझे. आता एवढा अर्धा डाव राहू दे. वर जा. मार्क दे.”

मी वर गेलो. लोखंडाच्या पायऱ्या ओल्या होत्या. पोरकट कारणं देता येतात बरीच: कॅमेरा सोडायचा नव्हता, मोठ्या भावासारखा माणूस, त्याची फायनल. मी ती सगळी स्वतःला दिली आणि उत्तरार्धाचं शूटिंग सुरू केलं.

शेवटाला आम्ही थोडक्या गुणांनी पुढे होतो. लाल संघाकडे एकच प्ले उरला होता, आणि तो उंच पोरगा सरकत सरकत वासुदेवच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. त्यांनाही कळलं होतं. ते काही आंधळे नव्हते.

वासुदेव वाकला. दोन्ही हात गवतात. स्टँड वाकला.

मग मात्र मी कॅमेरा तसाच चालू ठेवला आणि उतरलो. दोन-दोन पायऱ्या सोडत, घसरत. योखेनची बाही धरली. “बाहेर काढ त्याला. तो हात लावतोय.”

“नमस्कार करतोय,” योखेन म्हणाला. “तूच सांगितलंस.”

“एकदाच असतो तो! सुरुवातीला एकदा! नंतरचे सगळे... त्याला उभं राहता येत नाहीये.”

योखेनचा चेहरा पांढरा होताना मी बघितला. त्यानं खेळ थांबवायला हात वर केला, तोंड उघडलं, आणि चेंडू निघाला.

पास डावीकडे गेला. वासुदेवनं पहिलं पाऊल उजवीकडे टाकलं. पोरगा सुटला, मागे नुसतं गवत, आणि स्टँडमधून तो आवाज आला जो लोक नुकसान दिसल्यावर काढतात. मग वासुदेव वळला. कशानं वळला मला माहीत नाही. बुटांचा आवाज आला असेल. तो आडवा झेपावला आणि त्यानं घोटा धरला. आष्ट्याची पकड. पोरगा गोलच्या रेषेच्या अलीकडे कोसळला आणि त्याचा गुडघा वासुदेवच्या हेल्मेटवर आला.

ठक्क.

शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो. सगळे करकोचे पंख पसरून मैदानात धावले आणि एकमेकांवर पडले.

वासुदेव उठला. गवताला हात लावून उठला. हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि शांतपणे चालत लाल संघाच्या बाकावर जाऊन बसला.

लोक हसले. त्यांना वाटलं, हरलेल्यांचं सांत्वन करायला गेला. एका लाल जर्सीवाल्यानं त्याला पाण्याची बाटली दिली. वासुदेवनं ती घेतली, दोन घोट प्याला आणि मैदानाकडे बघत बसला, राखीव खेळाडू बसतात तसा.

इरा सगळ्यांच्या आधी पोचली. तिच्या मागे मी.

“बाबा,” ती मराठीत म्हणाली, “आपली माणसं तिकडे आहेत.”

“बस जरा,” वासुदेव तिला म्हणाला. “चढाई चालू हाय.”

मग झानिटेटर ब्रेट्झेल टाकून धावला.

हायडेलबर्गच्या डॉक्टरनं विचारलं, आधीही कधी लागलं होतं का, आणि नेमकं कसं. मी सेमीचं शूटिंग दाखवलं. डॉक्टरनं माझे ढग बघितले, तो आवाज ऐकला, पुन्हा लावून ऐकला. आधीच्या माराला पुरेसा आराम मिळाला नाही आणि त्यावर दुसरा बसला, असं त्यानं नंतर वहिनींना सांगितलं. सुधारेल. किती, ते आत्ता सांगता येत नाही.

आता वासुदेव घरी असतो. पडदे ओढलेले. स्क्रीन बघायची नाही, त्यामुळे फायनल त्यानं अजून बघितलेली नाही. कंपनीत मशीनच्या आवाजात जायचं नाही. योखेन येतो, स्टिकरबद्दल बोलत नाही. वहिनींनी मला एकदाच विचारलं, “तुला कधी कळलं?”

“फायनलला.”

“मला चहाच्या वेळी कळलं होतं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शनिवारी मी जातो. ठरल्याप्रमाणे तोंडी मार्क देतो. तो डोळे मिटून पडलेला असतो आणि मी एकेक प्ले सांगतो: चेंडू कुठे होता, त्याचं पाऊल कुठे पडलं. मायनस म्हटलं की तो भांडतो. “आरं तो शून्य! माझ्याकडे आलाच नव्हता तो!” भांडला की मला बरं वाटतं. असं करत करत सगळे देऊन झाले, एक सोडून.

योखेनच्या हिशेबानं त्या प्लेचं पहिलं पाऊल चुकीचं, म्हणजे मायनस. त्याच हिशेबानं गडी रेषेच्या अलीकडे पाडला, म्हणजे प्लस. माझ्या कॅमेऱ्यात ते सगळं स्वच्छ आलंय, चौकटीच्या मधोमध. कॅमेऱ्यामागे मी नव्हतो म्हणून असेल. प्लस दिला तर पुढच्या सीझनचा विषय निघेल, हे मला माहीत आहे. मायनस द्यायचा तर त्याच्या जागेतून माणूस गेला असं म्हणायचं, आणि तो तर गेला नव्हता.

“शेवटचा सांग,” तो परवाही म्हणाला.

“बघतोय अजून, दादा. धुकं फार आहे त्यात.”

“खोटं बोलतोय खानदेशी. आवाज बदलला तुझा.” त्यानं डोळे उघडले. “येणं हाय तुझ्याकडं माझं.”

“आहे,” मी म्हणालो, आणि चहा ओतायला उठलो, कारण कप त्याच्या डाव्या हाताला ठेवला होता.